मचव्याच्या फळीचे छाप

मुंबई, १२ नोव्हेंबर १९५९

ती. लवूकाका,

नमस्कार करते, पण जरा रागानेच.

बोटीने पाठवलेली फळी पोचली. गोणपाट सोडलं आणि साऱ्या चाळीला कळलं की मालवणहून काहीतरी आलंय. मोरी माशाचं तेल किती चोपडलंत हो? शेजारच्या काशीबाई दोन दिवस दार लावून बसल्या. आई डबे भरत होती, तिने मान वर करून एकदा हुंगलं आणि पुन्हा भात वाढायला लागली. कुणाकडून आलं ते तिने विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती, तो वास दुसऱ्या कुठल्या घरचा असणार!

मी किडकी फळी मागितली होती, काका. तुम्ही एकेका भोकात कापूस आणि चंद्रुसाची राळ ठासून, वरून रंधा मारून, आरशासारखी करून पाठवलीत. आता मी काय करू तिचं? दिवसा कॅलेंडरच्या छापखान्यात असते आणि संध्याकाळी चित्रशाळेत जाते हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे हल्ली मी लाकडावरून छाप घेते. फळीवर रुळाने शाई फिरवायची, वर ओलसर पातळ कागद घालायचा आणि चमच्याच्या पाठीने घासत बसायचं. लाकूड जिथे वर आहे तिथली शाई कागदाला लागते. जिथे भोक आहे, चीर आहे, झिजलंय, तिथे कागद कोरा राहतो. बाकीची मुलं फळीवर चित्र कोरतात. मी काही कोरत नाही. पाण्याने, किडीने, उन्हाने जे करून ठेवलंय तेच उठवायचं. तुमच्या फळीवरून काय उठेल? काळा चौकोन.

आता खरं मागणं. तुमच्या मांगरात, त्या लाकडं ठेवायच्या खोपीत, बाबांच्या बुडालेल्या मचव्याच्या फळ्या अजून पडून आहेत ना? त्यातली एक द्या. मार्चमध्ये आमच्या शाळेचं प्रदर्शन आहे आणि सरांनी मला एक भिंत दिली आहे.

हे लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं. आई गेली तेरा वर्षं तुमचं नाव घेत नाही. मी सात वर्षांची होते, पण तुम्ही किनाऱ्यावर सगळ्यांसमोर बाबांबद्दल म्हणालात ते मी ऐकलं होतं, 'जोड माझो चुकलो, हरीचो काय दोष नाय.' तरीही मागते.

तुमची,
नर्मदा


मालवण, २७ नोव्हेंबर १९५९

चि. नर्मदेस लवूचे आशीर्वाद. तेलाबद्दल माफी मागणार नाही.

किडकी फळी हवी असं तू लिहिलं होतंस. मी वाचलं, पण मला वाटलं, पोरीच्या हातून चुकून लिहिलं गेलं. चांगलं लाकूड मागायचं असेल, घाईत उलट झालं. माझ्या मांगरातून मुंबईला लाकूड जायचं आणि त्यात भोकं? लोक म्हणतील, लवू मेस्ताने पुतणीला जळण पाठवलं. तीन दिवस खपलो त्या फळीवर. आणि तू म्हणतेस, काळा चौकोन. बरं.

हे काय शिकवतात तुम्हाला तिथे? आमचा सगळा जन्म लाकूड कुजू नये म्हणून गेला. तेल द्या, चंद्रूस द्या, कापूस भरा, पावसाळ्यात वर ओढून झाकून ठेवा. आणि तुम्ही मुंबईला बसून कुजलेलं शोधताय. कुडाळच्या बाजारात सांगितलं तर मला वेड्यात काढतील. शेजारच्या महादूला सांगितलं, तो अर्धा दिवस हसत होता.

मचव्याच्या फळ्यांचं मात्र नाव काढू नको. त्या सहा महिने खाडीत पडून होत्या, मग ओढून आणल्या. बुडलेल्या मचव्याचं लाकूड आमच्याकडे चुलीत घालत नाहीत आणि कुणाला देतही नाहीत. म्हणून पडलंय. मी तिकडे बघत नाही. त्यानंतर मला कोणी होडी बांधायला दिली नाही हे तुला ठाऊक असेलच. दारं करतो, खिडक्या करतो, कुणाचं नांगराचं जू करतो. पोट भरतं.

किनाऱ्यावर जे बोललो ते बोललो. त्यात आता कमी नाही, जास्त नाही. तुझ्या आईचा राग आहे तो असू दे. तिचा नवरा गेला. तू पत्र पाठवतेस तेवढं मला पुरे आहे, तेवढं बंद करू नको.

लवू


मुंबई, १५ डिसेंबर १९५९

ती. काका,

तुमच्या फळीची हकीकत ऐका. फेकून देणार होते, मग म्हटलं बघू. तीन आठवडे चाळीच्या मोरीत ठेवली, त्यावर सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी. मग खडे मीठ चोळून गच्चीवर उन्हात टाकली. लाकूड आकसलं आणि तुमचे कापसाचे बोळे तिळातिळाने वर आले. छाप घेतला तर मधोमध काळ्या ठिपक्यांची माळच उठली. सर म्हणाले, हे ठरवून कोणाला जमलं नसतं. त्यांना सांगितलं की हे माझ्या काकांनी केलं, रागावून का होईना. तेव्हा तुमचे तीन दिवस फुकट गेले नाहीत.

आता दुसरं. तुम्ही नको म्हणालात आणि मी पुन्हा मागते आहे, म्हणून मला हट्टी म्हणा.

काका, माझ्याकडे बाबांचं काहीही नाही. फोटो नाही. कपडे आईने देऊन टाकले. मला त्यांचा चेहरासुद्धा नीट आठवत नाही, खांद्यावर बसवून जेटीपर्यंत न्यायचे तेवढं आठवतं. लोकांचे वडील कुठेतरी असतात, भिंतीवर नाहीतर पेटीत. माझे नाहीत. त्यांच्या मचव्याची एक फळी माझ्या हाताखाली यावी, तिचा नकाशा कागदावर यावा, एवढंच मला हवंय. कुठला जोड कसा चुकला ते मी शोधणार नाही. तुमच्या हातून चूक झाली असेल तर झाली. माणसाच्या हातून होते. मी तुम्हाला पत्र लिहायचं थांबवणार नाही, फळी दिलीत तरी आणि नाही दिलीत तरी.

नर्मदा


मालवण, ११ जानेवारी १९६०

चि. नर्मदेस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून चार दिवस जेवण गोड लागलं नाही. शेवटी म्हटलं, पोरीच्या बापाचा मचवा, मी कोण अडवणार.

महादू मुंबईला कामाला निघालाय, मंगळवारच्या बोटीने. त्याच्याबरोबर एक फळी पाठवतो आहे. माझा गुडघा धरलाय, मांगराच्या माळ्यावर मला चढवत नाही, म्हणून महादूलाच वर पाठवलं. त्याला खालून बजावून सांगितलं, भिंतीकडच्या ढिगातली काढ, वाशांवर एक वेगळी ठेवली आहे तिला हात लावू नको. त्याने वरच गोणपाटात गुंडाळली आणि बोटीची वेळ झाली म्हणून तसाच धावला. मी बघितली नाही. बघवलंही नसतं.

या खेपेला तेल नाही, चंद्रूस नाही, पाण्याने धुतलीसुद्धा नाही. तुला हवी तशी आहे. माझ्या हातून असं लाकूड पहिल्यांदाच जातंय.

ह्या एका फळीवर भागव. दुसरी मागू नको.

लवू


मुंबई, २० फेब्रुवारी १९६०

ती. काका,

छाप झाले. सोबत एक पाठवते आहे. नळकांड्यात गुंडाळलाय, सांभाळून सोडा.

काय सांगू तुम्हाला! असं लाकूड मी कधी हाताळलं नव्हतं. वरून साधं दिसतं, शाई फिरवली आणि आतलं सगळं बाहेर आलं. खाडीतल्या किडीने आतून वाटा काढल्या आहेत, एक वाट दुसरीला कधी छेदत नाही, जवळ आली की वळते. एका टोकाला वाळवी लागली होती, तिथे लाकूड चाळणीसारखं झालंय आणि कागदावर नुसती भुरभुर उठते. खिळ्याच्या गंजाचा डाग ओल्या कागदाला आपणहून लागला, तांबूस, तो मी कितीही शाई लावून आणू शकले नसते.

सगळ्यात गंमत म्हणजे फळी प्रत्येक छापाला बदलते. दाब पडला की थोडी भुगा होते. पहिल्या छापात जी रेघ आहे ती तिसऱ्यात नाही. पाचव्याला एक कोपरा कागदालाच चिकटून आला. सहावा घेताना ती मधून मोडली, तेव्हा थांबले. म्हणजे सहाच छाप, सहाही वेगळे, आणि आता फळीच नाही. तुकडे मी एका पेटीत ठेवले आहेत. चुलीत घातले नाहीत.

तुम्हाला पाठवलाय तो दुसरा छाप. सगळ्यात स्वच्छ तोच आहे. त्यात वाकसाचे घावसुद्धा दिसतात, फळी तासताना मारलेले, एकाखाली एक, तिरपे. ज्याने तासली त्याचा हात इतका सारखा होता की मला आधी ते लाकडाच्या रेषाच वाटल्या. मी त्यावरून बोट फिरवत बसले होते. प्रदर्शनात हाच मधोमध लावणार आहे.

कसा वाटला ते कळवा.

नर्मदा


मालवण, ८ मार्च १९६०

नर्मदे,

तो छाप भिंतीवर लावू नको. तुला माझी शपथ आहे.

महादूने चुकीची फळी आणली. वाशांवरची आणली. कागद सोडला आणि आधी घावच दिसले. वाकसाचे घाव डावीकडून पडलेत. आमच्या वाडीत डाव्या हाताने वाकस चालवणारा एकच माणूस होता, तुझा बाप. माझा हात उजवा. बाकीचा सगळा मचवा मी तासला, ती एक फळी सोडून.

तू एवढी बारकाईने बघणारी, आज ना उद्या तुझ्या ध्यानात येणारच. म्हणून मीच सांगतो.

ते साल सेहेचाळीस. लढाई नुकती संपलेली, सागवान कुठे मिळत नव्हतं. मचवा जवळजवळ पुरा झाला होता, तळाकडची एक फळी राहिली होती. मी लाकूड बघायला कुडाळकडे गेलो, हरीला सांगितलं, आठ दिवस थांब. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, लोकांचे मचवे दर्यात गेले होते, त्याला वेंगुर्ल्याला कौलं पोचवायची होती. तो थांबला नाही. मोडीत काढलेल्या एका जुन्या पडावाची फळी त्याने घेतली. आतून कीड लागलेली होती. त्याने भोकं कापसाने आणि चंद्रुसाने भरली, वरून तासली, तेल दिलं आणि बसवली. मी आलो तेव्हा मचवा पाण्यात होता.

मी हात फिरवला आणि मला कळलं. त्याला म्हटलं, वर ओढ, बदलू. तो हसला. म्हणाला, 'दादा, एक खेप मारून येतंय, मगे बदलूया.' मी त्याचा मोठा भाऊ, मी मचवा बांधणारा मेस्त. मी त्याला हात धरून ओढायला हवा होता. नाही ओढला. म्हटलं, एक खेप.

तिसऱ्या दिवशी मचवा फुटल्याची बातमी आली. हरी गेला आणि त्याच्याबरोबर त्याचा खलाशी धोंडू गेला. धोंडूची बायको राधाबाई किनाऱ्यावर उभी होती, तुझी आई तुला घेऊन उभी होती. लोक विचारायला लागले, काय झालं, कुणाची चूक. हरीने केलं असं बोललो असतो तर राधाबाईने तुझ्या आईला जन्मभर शिव्या दिल्या असत्या, आणि एकाच वाडीत, एकाच विहिरीवर दोघींना पाणी भरायचं होतं. मी म्हटलं, जोड माझा चुकला. आणि ते काही सगळं खोटं नव्हतं.

तुझ्या आईला यातलं काही कळता कामा नये. तिला तिच्या नवऱ्याबद्दल चांगलंच वाटू दे. मला ती बोलत नाही त्याची मला सवय झाली आहे. हे पत्र वाचून फाड.

लवू


मुंबई, ३० मार्च १९६०

ती. लवूकाका,

पत्र फाडलं नाही. का ते सांगते, आधी दुसरं ऐका.

महादूने बरोबर फळी आणली होती. छापात सगळं उलटं उठतं, काका. कागद फळीवर पालथा असतो, म्हणून डावं ते उजवं होतं आणि उजवं ते डावं. आम्ही हे पहिल्या दिवशी शिकतो आणि मग विसरून जातो, तुम्हाला लिहायचं मला सुचलंच नाही. मी पेटी उघडून तुकडे पुन्हा पाहिले. लाकडावर घाव उजवीकडून पडले आहेत. ती तुमच्या हातची फळी. ज्या हाताचं मी कौतुक लिहिलं तो तुमचाच हात. बाबांची फळी अजून तुमच्या वाशांवरच आहे.

तुम्ही मला काही सांगायची गरज नव्हती. पण सांगितलंत.

पत्र वाचलं तेव्हा आई समोर तांदूळ निवडत होती. मला रडू आवरेना. तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, 'भावजींचा पत्र मा? वाच.' तेरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून तुमचं नातं ऐकलं. तुम्ही घातलेली बंदी मी मोडली. सगळं वाचून दाखवलं, एक अक्षर न गाळता. 'एक खेप मारून येतंय' इथे तिने मला थांबवलं आणि तेवढं परत वाचायला लावलं.

मग म्हणाली, 'माका ठावक होता.'

काका, तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. बाबा निघाले त्या सकाळी हाताला चंद्रूस लागलेला होता, तो खोबरेल तेलाने काढत त्यांनी तिला सांगितलं होतं की फळी जुनी आहे, दादा चिडलाय, आल्यावर बदलतो. तिनेही त्यांना शिदोरी बांधून दिली. मग किनाऱ्यावर तुम्ही पुढे होऊन चूक अंगावर घेतलीत आणि ती गप्प राहिली. राधाबाई तिच्या शेजारीच उभी होती, कडेला मी होते, तिची जीभ उचलली नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाली, मग तेराव्यानंतर, मग तुम्हाला होड्या मिळायच्या बंद झाल्या आणि तिला तुमच्या दारावरून जाववेना. म्हणून ती मुंबईला आली.

मी म्हटलं, 'म्हणजे तुझा काकांवर राग नव्हता?' ती म्हणाली, 'राग कसलो गो? माका लाज वाटा होती.'

मी एवढी मोठी झाले, पण तिची गप्प राहण्याची रीत मला कधी कळलीच नाही. तुम्हालाही नाही.

छाप भिंतीवर लावला. तुमची शपथ चुकीच्या फळीसाठी होती, म्हणून मोडली असं धरू नका. खाली लिहिलंय, 'फळी : लवू मेस्त, मालवण'. एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ उभे होते, त्यांनी विचारलं हा मेस्त कोण. मी म्हटलं, होड्या बांधतात.

आईने माझ्याकडून बोटीचं तिकीट काढून घेतलंय. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येते आहे, एकटीच. मला सुट्टी नाही. ती म्हणते, राधाबाईला तिच्या तोंडाने सांगायचं आहे. तुम्ही नको म्हणणार हे तिला माहीत आहे, म्हणून विचारत नाही, कळवते आहे.

नर्मदा


मालवण, १९ मे १९६०

चि. नर्मदेस आशीर्वाद.

तुझी आई सुखरूप पोचली. पत्राला उशीर झाला, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. जसं झालं तसं लिहितो.

बोट बाहेर नांगरते, तिथून पडावाने माणसं आणतात. मी पाण्यात गुडघाभर उभा होतो. तुझी आई उतरली, माझ्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि चालायला लागली. मी बोचकं उचलून मागे. घराकडे वळायची ती वळली नाही, तशीच राधाबाईच्या कुंपणाच्या बेड्याकडे गेली. पायसुद्धा धुतले नाहीत. मी बेड्याबाहेरच थांबलो. मनात आलं, आता आत जाऊन तिला गप्प करावं. पाय उचलला नाही, त्या दिवशी हरीला ओढायला हात उचलला नाही तसाच.

राधाबाई दारासमोरच्या खळ्यात मिरच्या वाळत घालत होती. तुझ्या आईने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फळी कुणाची, कुणी बसवली, तिला कधी कळलं, ती का बोलली नाही. स्वतःच्या बाजूने एक शब्द घातला नाही. राधाबाईने एवढंच विचारलं, 'धोंडूक ठावक होता?' तुझी आई म्हणाली, 'नाय.'

राधाबाई उठून आत गेली.  तुझी आई खळ्यात तशीच उन्हात उभी. मी म्हटलं, आता शिव्या येतील, येऊ देत, आम्ही दोघंही त्याला पात्र आहोत. मग ती तांब्या घेऊन आली, पाणी तुझ्या आईच्या पुढ्यात ठेवलं आणि माझ्याकडे वळली.

तुला एक माहीत नाही. राधाबाईचं घर दरवर्षी मे महिन्यात मी शाकारतो. धोंडू गेल्यापासून. झावळ्या मी आणतो, झापं मी विणतो, वर मी चढतो. तिने कधी नको म्हटलं नाही आणि कधी बरं म्हटलं नाही. ज्याने नवरा बुडवला त्याने छप्पर घालावं, असा तो हिशोब होता आमचा, न बोलता.

ती मला म्हणाली, 'चूक तुमची नाय तर इतकी वर्सां माझा घर कित्याक शाकारतास?'

नर्मदे, एवढी वर्षं दुसऱ्याची चूक अंगावर घेऊन फिरलो, तीत माझा खरा वाटा किती ते मला मोजता आलं नाही. मी म्हटलं, 'झावळां भिजत पडली हत, राधाबाय. सोमवारी येतंय.'

 सोमवारी गेलो. गुडघा दुखत होता तरी चढलो. खालून झापं वर द्यायला राधाबाई उभी होती, दरवर्षी शेजारणीला उभी करते, या खेपेला स्वतः होती. आणि तिच्या हातून घेऊन मला पोचवायला शिडीवर तुझी आई. दुपारपर्यंत तिघंही काम करत होतो. मग तुझी आई घरात जाऊन छपराकडे बघून बाहेर आली आणि मला म्हणाली, 'भावजी, थंयसर अजून उजेड दिसता. आणखी एक घाला.'

तेरा वर्षांनी बोलली ती एवढंच. मी आणखी एक झाप घातलं.

लवू